मच्छीमार मोहल्ल्यात शिकवायला जाताना पहिला दिवस कसा घालवावा?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात नोकरी करणाऱ्या एक ताई नोव्हेंबरात सहा आठवडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका मुस्लिम मच्छीमार गावात मुलांना गणित आणि मराठी शिकवायला जाणार आहेत. शाळा जिल्हा परिषदेची, उर्दू माध्यमाची. पहिला दिवस त्यांनी मोकळा ठेवला आहे. त्या दिवसात गावाची ओळख कशी करून घ्यावी, पुण्याहून काय न्यावे, आणि त्या शाकाहारी आहेत त्याचे काय, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या दिवसाचे खरे काम एकच: गावाचे घड्याळ समजून घ्यायचे आणि त्यावरून आपल्या तासाची वेळ ठरवायची. बाकीच्या ओळखीपाळखी त्या ओघात होतात. स्वयंसेवकांचे वर्ग बंद पडतात ते शिकवता येत नाही म्हणून क्वचितच. ‘रोज संध्याकाळी पाच ते सहा’ असा फलक पुण्याहून मनातच रंगवून नेलेला असतो, आणि पहिल्या आठवड्यात तीस असलेली मुले दुसऱ्या आठवड्यात सहा होतात. मग ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ असा निष्कर्ष निघतो. महत्त्व असते, पाच वाजता मूल दुसरीकडे असते इतकेच.

हे गाव दोन घड्याळांवर चालते, समुद्राच्या आणि नमाजाच्या. समुद्राच्या घड्याळाचा हिशेब कोकणात सगळ्यांना तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणने गुणायचे, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला साधारण बाराच्या आतबाहेर. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते आणि रोज हे सगळे पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूचा. रत्नागिरीकडे भरती त्याहून थोडी आधी लागते, म्हणून गावात गेल्यावर एकदा ‘आज सुकती (ओहोटी) कधी?’ असे विचारून आपले गणित दुरुस्त करून घ्या.

आता पाच वाजताच्या वर्गाचे काय होते ते पाहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला. हेच दिवस उधाणाचे. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खालीही जाते. खाडीतले एरवी पाण्याखाली असणारे चिखलाचे पट्टे आणि कालवांचे खडक उघडे पडतात. बायका आणि मुले तिसऱ्या, मुळे, कालवे अशी शिंपली काढायला उतरतात, कारण पुढचे आठ-दहा दिवस इतके पाणी हटणार नसते. पंधरवड्यातले चार-पाच दिवस तुमचा पाचचा वर्ग या कारणाने रिकामा राहणारच. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असते. ओहोटी दुपारी बाराला येते, पण पाणी फारसे हटत नाही, मुले शाळेतच असतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. वर्गाला सर्वांत भरवशाचे दिवस हे.

नमाजाचे घड्याळ मशिदीच्या दारातल्या फळ्यावर लिहिलेले असते. बाहेरून वाचता येते, त्यासाठी आत जायची गरज नाही. एक गोष्ट पुण्याहून जाणाऱ्याला ठाऊक नसते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मताचे आहेत, पुण्यातले तुमचे परिचित बहुधा हनफी असतील; या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. शाफई हिशेबात असरची, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजाची, वेळ वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की लागते, हनफी हिशेबात दुप्पट वाढल्यावर. त्यामुळे नोव्हेंबरात कोकणात साडेतीन वाजून गेले की असरची वेळ सुरू होते. हनफी वेळ त्यानंतर पाऊण तासाने. मोबाईलवरचे नमाजाचे ॲप पुण्यात लावलेल्या हनफी सेटिंगवर असेल तर ते तिथे चुकीचे सांगेल. मगरिबचा नमाज सूर्यास्ताला, म्हणजे नोव्हेंबराच्या मध्यात सहाच्या सुमारास. इशाचा, म्हणजे रात्रीचा, त्यानंतर सव्वा तासाने.

नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात, पण मुसलमानी तारीख भरतीसारखीच चंद्रावर चालते, हे तर फारच सोयीचे. ‘आज चांदची कितवी?’ असे कोणत्याही आजीला विचारा. चंद्रदर्शनापासून मोजलेली ही तारीख आपल्या तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते. तेवढे मिळवा आणि पाऊणने गुणा, भरती हातात आली. रमजानची ईदही चांद दिसल्यावर येते, म्हणून ती नेहमी उधाणाच्या दिवसांतच पडते. पाचवी-सहावीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर मांडून दिलात तर अपूर्णांकांचा पहिला धडा आयता होतो, आणि चूक झाली की मुले खिडकीतून खाडीकडे बघून तुम्हालाच सांगतात.

तिसरी वेळ मकतबची, म्हणजे मशिदीला लागून चालणाऱ्या धार्मिक शिक्षणाच्या वर्गाची. काही गावांत तो फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर, सकाळी असतो, काही गावांत मगरिब ते इशा. तुमचे वेळापत्रक यावरच अडते. मकतब सकाळी असेल तर मगरिबनंतर साडेसहा ते साडेसात ही वेळ तुमची. तो संध्याकाळी असेल तर शाळा भरण्याआधी नऊ ते सव्वादहा घ्या, किंवा मुख्याध्यापकांशी बोलून शाळेच्या वेळेतच दोन तासिका मागा. मकतबशी स्पर्धा करू नका. तिथे गैरहजर राहिलेले मूल घरी बोलणी खाते, आणि त्याचे खापर तुमच्यावर फुटते.

आता कागदपत्रे, जी गावात नव्हे, पुण्यात असतानाच व्हायला हवीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणालाही उठून शिकवता येत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, त्याची प्रत केंद्रप्रमुखांना, आणि शाळा व्यवस्थापन समितीची संमती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. तेव्हा समितीची संमती म्हणजे अर्ध्या गावाची ओळख. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून घ्या आणि त्याच्या चार झेरॉक्स जवळ ठेवा. कोणी मागितला नाही तरी स्वतःहून द्या. मुलांमध्ये राहणाऱ्या परक्या माणसाने तो देणे रास्तच आहे.

पाठ्यपुस्तके बालभारतीची. सेनापती बापट रस्त्यावरून जाता-येता इमारत पाहिली असेल. त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्या माध्यमांची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. तुम्हाला हवी आहेत उर्दू माध्यमाची गणिताची पुस्तके आणि ‘मराठी सुलभभारती’. मराठी माध्यमाची ‘बालभारती’ घेऊन गेलात तर पहिल्याच धड्यावर मुले अडखळतील आणि तुम्हाला ती कच्ची वाटतील. उर्दू वाचता येत नसेल तरी गणिताचे पुस्तक न्या. आकृत्या आणि उदाहरणांचा क्रम पाहून धडा ओळखता येतो, बाकी शाळेचे गुरुजी सांगतात. त्याखेरीज एक सकाळ गणेश पेठेतल्या मासळी बाजारात घालवा. बांगडा, तारली, सुरमई, पापलेट, हलवा, रावस, मांदेली, बोंबील, माकुल, ढोमा एवढे दहा नजरेने ओळखता आले की गावातले निम्मे संभाषण कळते. शाकाहारी असलात तरी हे करा, वास सहन होतो की नाही तेही तिथेच कळेल.

स्वारगेटहून रात्रीच्या एसटीने निघून पहाटे उतरायचे आणि लगेच दिवस सुरू करायचा, हा बेत वाईट. घाटातल्या रात्रीनंतर माणूस कितीही हसरे असले तरी दुपारी एकाला कोसळते. आदल्या दिवशी पोचा. पोचलात की आधी पोलिस पाटील किंवा सरपंचांना भेटा, मग जमातीच्या अध्यक्षांना. जमात म्हणजे मोहल्ल्याची पंचायत. मशीद, मकतब, लग्नकार्ये, भांडणतंटे तिच्या नजरेखाली चालतात. भेट दहा मिनिटांची पुरे: कुठून आलात, कोणी पाठवले, किती दिवस, काय शिकवणार, पैसे घेणार का, राहणार कुठे. ‘पैसे घेणार का’ हे त्यांनी विचारले नाही तरी तुम्ही सांगा.

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता धक्क्यावर जा, पण कोणीतरी स्थानिक बरोबर असू दे. एखादी मोठी मुलगी, गुरुजींच्या घरची बाई, कोणीही. वही, कॅमेरा, ड्रोन तर सोडाच, काही नको. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी माणसाकडे बघायची नजर बदलली आहे, सागरी पोलिस विचारपूस करतात. शिवाय पर्ससीन, म्हणजे माशांचा थवा वेढून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा वाद कोकणात जुना आणि कडवट आहे. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, मोसम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता ठेवला. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले एकाच गावात, कधी एकाच घरात असतात. वहीत काहीतरी टिपणारी परकी व्यक्ती मत्स्य खात्याची की दुसऱ्या गटाची, असा विचार लोकांच्या मनात येणारच. ‘किती मासळी मिळाली’ हा प्रश्न आपल्याला गप्पांचा वाटतो, तिथे तो पगार विचारल्यासारखा आहे. त्याऐवजी ‘हा कुठला मासा?’ विचारा. याचे उत्तर सगळे देतात, आणि लांबलचक देतात.

लिलाव नीट पाहा. रात्री जाळी टाकून आलेल्या होड्या सकाळी लागतात. मासळी पाटीत किंवा जमिनीवर ढिगाने ओतली जाते. बोली ढिगाची असते, किलोची नव्हे. घेणाऱ्या बाईने नजरेनेच वजन ताडायचे, वरचे मोठे मासे बाजूला सारून खालचे बारीक किती ते पाहायचे, कल्ले उघडून लाली पाहायची, बर्फाचा आणि रिक्षाचा खर्च मनात धरायचा, बाजारात कितीला जाईल ते ठरवायचे आणि पुढची बोली यायच्या आत आकडा बोलायचा. मिनिटभरात हे सगळे. जिचे हे गणित चुकते तिचा दिवस तोट्यात जातो. त्या बाईच्या मुलीला वर्गात ‘अंदाज करा’ या प्रकरणातली पुस्तकी उदाहरणे घालताना हे लक्षात असू द्या. बहुतेक ठिकाणी विक्रीची बाजू बायकाच सांभाळतात, त्यामुळे ‘मुस्लिम बायका घराबाहेर पडत नाहीत’ ही समजूत धक्क्यावर पाच मिनिटांत गळून पडते.

लिलावानंतर शाळा. पहिल्या दिवशी शिकवू नका, पण रिकामेही बसू नका. रंगीत खडू घेऊन व्हरांड्याच्या फरशीवर मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या. आधी खाडी, मग मशीद, शाळा, धक्का, बर्फाचा कारखाना असेल तर तो. मग प्रत्येकाने आपले घर काढायचे आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट. पंचवीस मुलांना अर्धा तास लागतो. वीस मिनिटांत आटपायला गेलात तर लहान मुलांची घरे राहून जातात आणि ती रडवेली होतात. नकाशा पूर्ण झाला की पाहा, कोणत्या भागात एकही घर उमटले नाही. त्या भागात मुले नाहीत असे क्वचितच असते. बहुतेकदा ती शाळेत येत नसतात किंवा खलाशांची तात्पुरती वस्ती तिथे असते. रत्नागिरीच्या होड्यांवर नेपाळहून आलेले खलाशी मोठ्या संख्येने असतात, आणि काहींची बायकामुले बरोबर असतात. ती मुले कोणाच्याच पटावर नसण्याची शक्यता मोठी. मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

मग भाषेचे. हा भाग थोडा नीट समजून घ्या, कारण सहा आठवड्यांचे यश यावरच आहे. या मुलांची घरची बोली कोकणी-मराठीच्या कुळातली, तिच्यात अरबी-फारसी शब्द मिसळलेले. शाळेची भाषा उर्दू, जी घरी फारशी बोलली जात नाही. मकतबमध्ये अरबी वाचायची. शाळेत दुसरी भाषा मराठी, तिसरी इंग्रजी. म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला उर्दू, अरबी, देवनागरी आणि रोमन अशा चार धाटण्यांची अक्षरे सांभाळावी लागतात, त्यातल्या दोन उजवीकडून डावीकडे. बोलायला लावले तर मूल तुमच्याशी फडाफडा मराठी बोलेल, आणि वाचायला दिले की ‘कमळ’ला थांबेल. त्याला मराठी येते, देवनागरी सरावाची नाही. तेव्हा मराठीच्या पहिल्या दोन आठवड्यांत शब्दार्थ शिकवत बसू नका, अक्षरे आणि बाराखडी पक्की करा.

चुका कुठे होतील तेही सांगता येते. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ओळखायचे असतात. त्या सवयीने मुले देवनागरीत पहिली वेलांटी आणि पहिला उकार गाळतात, ‘किताब’चे ‘कताब’ होते. ळ आणि ण यांना उर्दू लिपीत वेगळे अक्षर नाही, त्यामुळे लिहिताना ल आणि न येतात, बोलताना बरोबर असले तरी. उलट ज आणि ज़ किंवा ख आणि ख़ यांतला फरक त्यांना कळतो आणि आपल्याला कळत नाही, तेव्हा हजेरी घेताना नावे ज्याची त्याने उच्चारून दाखवावीत आणि तुम्ही तशी म्हणावीत. वहीसुद्धा पाहा. उर्दूची वही आपल्या मते शेवटच्या पानापासून सुरू होते. तुम्ही ‘पहिले पान उघडा’ म्हणालात की निम्मी मुले एका बाजूने उघडतील आणि निम्मी दुसऱ्या. वाक्य उजवीकडून जाते पण त्यातला आकडा डावीकडून लिहिला जातो, त्यामुळे शाब्दिक उदाहरण सोडवताना डोळा एकाच ओळीत दोनदा दिशा बदलतो. मूल अशा ठिकाणी रेंगाळले तर ते गणितात मंद आहे असे समजू नका. मराठी आणि गणितासाठी वेगळ्या रंगाच्या दोन वह्या दिल्या तर हा गोंधळ बराच कमी होतो.

आणखी एक सोपी चाचणी: मुलाला मनातल्या मनात हिशेब करायला सांगा आणि ओठ पाहा. पुष्कळ मुले पाढे उर्दूत म्हणतात आणि पैसे मराठीत मोजतात, कारण पाढे शाळेत शिकली आणि पैसे धक्क्यावर. ज्या भाषेत ज्याचा हिशेब पक्का, ती मोडू नका.

दुपार. पुण्यातल्या एक ते चारच्या बंद दुकानांवर सगळ्या महाराष्ट्राने विनोद केले आहेत, पण मच्छीमार मोहल्ल्यात या वेळेला खरोखर अर्थ आहे. रात्रभर पाण्यावर असलेली माणसे झोपलेली असतात. कोणाच्या दाराची कडी वाजवू नका, पोरांना घेऊन गल्लीत खेळ मांडू नका. जाग असते ती जाळ्यांच्या छपराखाली. तिथे जाळी शिवायचे काम चाललेले असते. परवानगी घेऊन बसा आणि हात कसे चालतात ते पाहा. फाटलेले भोक आहे तसे शिवत नाहीत, आधी कात्रीने मोठे करतात. लोंबणारे धागे कापून कडेच्या प्रत्येक गाठीला दोनच धागे उरतील असे करायचे, फक्त वर एक आणि खाली एक अशा दोन गाठी तीन धाग्यांच्या ठेवायच्या. वरच्या गाठीपासून विणायला सुरुवात, ओळीमागून ओळ, खालच्या गाठीवर शेवट. हे साधले नाही तर शेवटी एक धागा जास्त किंवा कमी पडतो. आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, लहानमोठे झाले तर ओढ एकाच जागी येते आणि जाळे पुढच्या खेपेला तिथेच फाटते. आस एकसारखे राहावे म्हणून बोटांवर किंवा लाकडी पट्टीवर माप घेतात. सातवीच्या वर्गाला समभुज चौकोन शिकवायचा असेल तर यापेक्षा चांगले साधन पुण्यातल्या कुठल्या दुकानात मिळणार नाही. फाटक्या जाळ्याचा हातभर तुकडा मागून घ्या, खुशीने देतात. चौकोन ओढून अरुंद केला, रुंद केला, बाजू तेवढ्याच राहतात आणि कोन बदलतात, हे मुलाला हाताने कळते.

गणितासाठी दुसरी खाण वाटणीची. होडीच्या विक्रीतून आधी डिझेल, बर्फ आणि शिधा वजा होतो, उरलेले होडी-जाळ्याचे मालक आणि माणसे यांत वाट्यांनी विभागले जाते. गावोगावी प्रमाण वेगळे. उदाहरण काल्पनिकच घ्या: विक्री १८,००० रुपये, डिझेल ६,०००, बर्फ १,२००, शिधा ८००. उरले १०,०००. निम्मे होडीचे, निम्म्याचे पाच वाटे, त्यातले दोन तांडेलाचे (होडीच्या प्रमुखाचे) आणि एकेक तीन खलाशांचा. तांडेलाला किती? मुले उत्तर (२,०००) देतात आणि लगेच ‘आमच्यात असं नसतं’ म्हणून खरी पद्धत सांगतात. ती खरी पद्धत त्यांच्या तोंडून ऐकायची, मालकाला विचारायची नाही, निदान पहिल्या दिवशी नाही.

असरनंतर घरे. तुम्ही बाई असल्याने स्वयंपाकघरापर्यंत बोलावतील. पुरुष स्वयंसेवक असेल तर त्याने पडवीतच बसावे, घरात कर्ता पुरुष नसेल तर अंगणातूनच बोलून निघावे. चपला बाहेर. ‘सलाम’ म्हटले तरी चालते, ‘नमस्कार’ म्हटले तरी कोणी रागावत नाही. अवघडून अर्धवट अरबी म्हणण्यापेक्षा आपला नमस्कार बरा. वयस्कांना चाचा, खाला, बरोबरीच्या बायकांना आपा किंवा भाभी. मुले स्वतःच तुम्हाला ‘टीचर’ किंवा ‘बाजी’ म्हणू लागतील. कपडे साधे, बाही लांब, ओढणी असली तर बरे; डोके झाकायची सक्ती कोणी करत नाही. घरात आजोबा-आजी असतील आणि बाप दिसत नसेल तर लगेच ‘वडील बोटीवर?’ असे विचारू नका. कोणी आखातात असतो, कोणी व्यापारी जहाजावर, आणि कोणी समुद्रातून परत आलेला नसतो. ‘घरी कोण कोण असतं?’ इतके पुरे.

आयांना भेटायची वेळ ही असरनंतरचीच. बापांना भेटायची वेळ शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर. बऱ्याच गावांत शुक्रवारी होड्या जात नाहीत किंवा नमाजापर्यंत थांबतात. पालकसभा रविवारी ठेवली की फक्त दोन म्हातारे येतात. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्यावरच असतात, तेव्हा सगळे घरी भेटतात. पण तुम्ही नोव्हेंबरात जाताय, तेव्हा शुक्रवारच धरा.

खाडीत मुलांबरोबर चिखलात उतरायचा मोह पहिल्या दिवशी होईल. उतरू नका, किंवा उतरलात तर मोठ्या बाईबरोबर आणि पाणी हटत असताना, भरतीला नव्हे. कालवांची धार ब्लेडसारखी असते, अनवाणी पाय चिरतो आणि चिखलाने पिकतो. रबरी बूट चिखलात रुततात, मागून पट्टा असलेली सँडल चांगली. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा, वेदना उतरतात; मग दवाखाना आणि धनुर्वाताचे इंजेक्शन. किनाऱ्यावर कोणी बुडताना किंवा होडी अडचणीत दिसली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला तर त्या दिवशी वर्गाची अपेक्षा ठेवू नका. होड्या परत येत असतात, सगळे गाव धक्क्याकडे डोळे लावून असते. ज्याची होडी अजून दिसलेली नाही त्या मुलाला सरासरी काढायला सांगणे बरे दिसत नाही. अशा दिवसासाठी चित्रांचे कागद आणि रंग वेगळे काढून ठेवा.

फोटो. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या आणि शाळेच्या लेखी संमतीशिवाय काढू नका, समाजमाध्यमांवर तर टाकूच नका. बायकांचे तर विचारूही नका. फळ्याचा, नकाशाचा, जाळ्याचा काढा.

रात्री झोपण्याआधी तासभर बसून पुढच्या पंधरा दिवसांचा तक्ता करा. उभे रकाने पाच: तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, मकतब, माझा वर्ग. पौर्णिमा आणि अमावास्या लाल रंगात, त्यांच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस फिकट लाल. लाल दिवसांत नवा धडा घ्यायचा नाही, उजळणी किंवा खेळ. नवे ते भांगाच्या दिवसांत. शुक्रवार अर्धा धरा. शाळेची साप्ताहिक सुट्टी रविवारी की शुक्रवारी ते विचारून घ्या, उर्दू शाळांत सगळीकडे सारखे नसते. शनिवारी शाळा सकाळची. हा तक्ता दुसऱ्या दिवशी गुरुजींना दाखवून दोन्ही लिप्यांत शाळेच्या दारावर लावा. उर्दू मजकूर पाचवी-सहावीच्या मुलांकडून लिहून घ्या आणि स्वतःचे नाव उर्दूत कसे लिहायचे तेही त्यांच्याकडूनच शिका. तुमचे पहिले अक्षर वाकडे आले की ती ज्या आनंदाने हसतात, त्यानंतर देवनागरीत स्वतः चुकायची त्यांची लाज बरीच कमी होते. हे वेळापत्रक रमजानात चालणार नाही. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, आणि उर्दू शाळांच्या वेळा तेव्हा बदलतात. पुढच्या कोणा स्वयंसेवकाला तुमचा तक्ता देताना ते सांगा.

राहिला शाकाहार. पहिल्याच घरी, चहाच्या आधी, सरळ सांगा: ‘मी मासे-मटण खात नाही, लहानपणापासून.’ न सांगता ताटातले बाजूला सारलेत तर घरातल्या बाईला वाटते की आमच्या हातचे चालत नाही, आणि ही समजूत मग सहा आठवडे निघत नाही. सांगितलेत तर तांदळाची भाकरी, घावणे, डाळ, वालाची उसळ, नारळाच्या दुधातले काहीतरी, आणि घरात काही खास असेल तर सांदणे पुढे येतात. चहा-पाणी नाकारू नका. मासळी हाताळलेल्या भांड्यांचेही चालत नसेल तर राहायच्या जागी स्वतःची शेगडी आणि दोन पातेली न्या आणि तेही आधीच सांगा. पुण्याहून भेट म्हणून बाकरवडी न्यायला हरकत नाही. फक्त एका घरी देऊ नका, शाळेत सगळ्यांना वाटा.